काही तक्रार नाही

‘ग्राइप’ हा इंग्रजी शब्द मी पहिल्यांदा वाचला तो बाटलीवर. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी तिथंच वाचला असेल. संध्याकाळ झाली, की माझी तान्ही लेक पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून, लालबुंद होईपर्यंत रडायची. मग फळीवरची ग्राइप वॉटरची बाटली खाली यायची. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो, बाटलीचा वास घेऊन म्हणायच्या, "अगं, हे तर आपला बाळंतशोपाच की!" त्यांचं काही चुकलं नव्हतं. १८५१ च्या सुमारास इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावी विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्यानं हे पाणी तयार केलं, तेव्हापासून त्यात शेपूच्या बियांचं तेल आहे. ग्राइप म्हणजे तान्ह्या बाळाचं पोट दुखणं, एवढाच अर्थ मी पुढची तीस वर्षं धरून चालले होते.

मागच्या दिवाळीत काळी चौदशीच्या रात्री त्याच लेकीचा पुण्याहून फोन आला. फराळाचं बोलणं झालं, आकाशकंदिलाचं झालं, आणि मग ती म्हणाली, "आई, तुझ्याबद्दल माझी एकच ग्राइप आहे. तू कधी काही सांगतच नाहीस. जिना चढताना तू मध्येच थांबतेस, छातीवर हात ठेवतेस, हे मला बाबांनी सांगितलं. तीन महिने झाले म्हणे. तुझ्या तोंडून मला का नाही कळलं?"

मी म्हटलं, "अगं, वय झालं आता. त्यात काय सांगायचं?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "अक्काआजी पण असंच म्हणायची, तूच सांगतेस ना!" आणि फोन ठेवला.

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून आर्ट्स झालेली, इंग्रजी घेऊन. दांडिया बाजारातल्या माहेरातून सायकलवर कॉलेजला जायचे, त्या दिवसांतला एक जाडजूड शब्दकोश अजून माझ्याकडे आहे. मन अस्वस्थ झालं, की माणसं जपमाळ घेतात, मी तो कोश उघडते, ही माझी जुनी खोड. त्या रात्रीही उघडला. ग्राइपचा मूळ अर्थ घट्ट पकडणं, मुठीत आवळणं. त्यावरून पोटात येणारा पिळा. आणि कुरकुर करणं, गाऱ्हाणं सांगणं हा अर्थ अगदी अलीकडचा, गेल्या शतकात अमेरिकेतल्या बोलीतून आलेला. म्हणजे इंग्रजी माणूस ज्याला आज कुरकुर म्हणतो, ते त्या शब्दाच्या पोटात एक दुखणं आहे. आधी कळ आहे, आवाज नंतर.

मग दुसरे शब्द पाहिले. ‘कम्प्लेंट’ ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा अर्थ ऊर बडवून शोक करणं. आपणही म्हणतोच, "उगीच ऊर बडवू नकोस." ‘फिर्याद’ हा फारशी शब्द, मदतीसाठी मारलेली हाक. आमच्या गुजराती शेजारणी फरियाद म्हणतात तो हाच. आणि आपली ‘तक्रार’ अरबीतून आली आहे. तिथं तिचा अर्थ आहे पुनरावृत्ती, तेच तेच पुन्हा करणं. हे वाचून मी मनाशी हसले. एकच गोष्ट दहादा ऐकून ज्याचे कान किटले असतील, त्यानंच हा शब्द तक्रारीला लावला असावा!

आपल्या भाषेत या कामासाठी शब्दांची काही कमी नाही. कुरकुर, किरकिर, पिरपिर, कटकट, भुणभुण, धुसफूस, रडगाणं. नीट ऐकलंत तर यातले बहुतेक नुसते आवाज आहेत. दाराची बिजागरी कुरकुरते, माशी भुणभुणते. या शब्दांत दुखणाऱ्याचं दुखणं कुठंच नाही, ऐकणाऱ्याचा वैताग तेवढा आहे. आणि हे शब्द आपण बहुतेक कुणाबद्दल वापरतो? बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बापई माणूस चिडला तर तो ‘प्रश्न उपस्थित करतो’. बाई तेच बोलली, की ‘कटकट करते’.

त्याच रात्री खिडकीतून पाहिलं, तर सोसायटीतल्या गुजराती बायका चार रस्त्यांवरून परतत होत्या. इथं बडोद्यात राहणाऱ्यांना हे नवं नाही. काळी चौदशीला घरात वडे तळतात, ते चौकात नेऊन ठेवतात, भोवती पाण्याचं कुंडाळं करतात आणि मागं वळून न पाहता घरी येतात. याला म्हणतात ‘ककळाट काढवो’. वर्षभराची भांडणं, रडारड, किरकिर घराबाहेर काढून टाकायची. प्रथा मला गोड वाटते. पण त्या रात्री मनात आलं, की घरातला ककळाट बाहेर नेऊन टाकायचं काम दरवर्षी बाईच करते. आणि मागं वळून बघायचं नाही, हेही तिलाच सांगितलेलं असतं.

आता अक्कांचं सांगते. इतकी वर्षं हे मी कुठं लिहिलं नाही.

अक्का सांगलीकडच्या, वारणाकाठच्या. लग्न होऊन इतक्या लांब बडोद्यात आल्या, पण बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. घरात, मंदिरात, नातेवाइकांत त्यांचं एकाच गोष्टीसाठी कौतुक व्हायचं : "अक्कांच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही." चार उपवास करून पाचव्या दिवशी सगळ्यांना वाढायला उभ्या. सून म्हणून मलाही त्यांचा अभिमान होता. खरं सांगायचं तर सोयही होती. तक्रार न करणारी सासू कुणाला नको असते?

पासष्टी ओलांडलेल्या अक्कांचे कपडे मी एकदा दोरीवरून काढत होते. एका जुन्या धडप्यावर डाग दिसले. धुऊनही पुरते न गेलेले, तपकिरी. पाळी जाऊन त्यांना पंधराएक वर्षं झाली होती. मी ते डाग पाहिले. मला कळलं. आणि मी तो धडपा घडी घालून त्यांच्या कपाटात ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. मनात म्हटलं, त्यांना सांगायचं असेल तर सांगतील. मोठ्या माणसांना असलं कसं विचारायचं?

सात-आठ महिन्यांनी त्यांना चालवेना, तेव्हा आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पुढं ओढला आणि सगळेच डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "बोला आजी, काय तक्रार आहे?"

अक्का चटकन म्हणाल्या, "काय न्हाई ओ. तक्रार काय न्हाई."

गर्भाशयाचा कर्करोग निघाला, पसरलेला. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं, तरी ते दाखवायचंच असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दरवेळी कर्करोगच असतो असं नाही, पण असला आणि लवकर कळला तर उपाय असतो. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे. वाचणाऱ्या प्रत्येकीनं ते लक्षात ठेवावं आणि आपल्या आईला, सासूला, जावेला सांगावं.

शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "मला वाटायचं, तू तरी इचारशील."

ही त्यांनी केलेली एकुलती एक तक्रार.

त्यांच्या मागं समाजातल्या मंडळींनी श्रद्धांजलीच्या सभेत सांगितलं, की अक्कांनी परीषह सहन केले. मला तेव्हाही ते बोचलं होतं, पण का बोचतं ते सांगता येत नव्हतं. दशलक्षण पर्वात आपल्याकडं रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतात. नवव्या दिवशी नववा. यंदा मी तो नववा अध्याय कान देऊन ऐकला आणि घरी येऊन पुन्हा अर्थासकट वाचला. मी काही विदुषी नाही. गृहिणीला जे दिसलं, ते सांगते.

बावीस परीषह त्याच अध्यायात आहेत. भूक, तहान, थंडी, ऊन, कुणाचे शिव्याशाप, आजार. ते कशासाठी सोसायचे, तेही तिथंच सांगितलं आहे : मार्गावरून ढळू नये म्हणून आणि कर्मांची निर्जरा व्हावी म्हणून. म्हणजे सोसणाऱ्यानं ते समजून, उमजून, स्वतः पत्करलेलं असतं. लाजेपोटी धडपा लपवणं हे त्यात कुठं बसतं? घरात आपल्यामुळं कुणाला त्रास नको, खर्च नको, या भीतीनं गप्प राहणं ही समता नव्हे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि म्हणूनच आपण फसतो.

तक्रारखोर मनाबद्दलही तिथं सांगितलं आहे. आर्तध्यानाचे चार प्रकार : नको ते वाट्याला आलं म्हणून, हवं ते दुरावलं म्हणून, दुखतंय म्हणून आणि पुढं सुख मिळावं या हव्यासानं मन त्याच त्या गोष्टीभोवती फिरत राहणं. दुखणं म्हणजे आर्तध्यान नव्हे, दुखण्याभोवती मनानं घातलेल्या घिरट्या म्हणजे आर्तध्यान. आपल्या तक्रार शब्दाच्या मुळाशीही पुनरावृत्तीच आहे, हे आठवून मला नवल वाटलं. पण मग हेही खरं, की तोंड बंद ठेवूनही घिरट्या घालता येतात. "तू तरी इचारशील," हे वाक्य अक्कांच्या मनात किती दिवस फिरत असेल? आठ महिने एकटीनं ते घोळवत राहण्यापेक्षा एकदाच मला म्हणाल्या असत्या, "अगं, असं असं होतंय," तर मन मोकळं झालं असतं, आणि कदाचित जीवही वाचला असता.

त्याच अध्यायात, परीषहांच्या पुढं थोड्याच अंतरावर, अंतरंग तपांमध्ये वैयावृत्त्य आहे, म्हणजे सेवा. ती कुणाकुणाची करायची त्या यादीत ‘ग्लान’ आहे, म्हणजे आजारी. सूत्रात हे मुनींना उद्देशून आहे हे मला ठाऊक आहे. पण जे शास्त्र एकाला म्हणतं सोस, तेच दुसऱ्याला म्हणतं त्याची सेवा कर. आपण बायकांना पहिली अर्धी ओळ पाठ करायला लावली आणि दुसरी अर्धी कुणालाच नाही. आणि आजाऱ्यानं दुखणं सांगितलंच नाही, आणि घरच्यानं दिसूनही विचारलं नाही, तर सेवेचं तप घडणार कसं?

गाऱ्हाणं हा शब्द मी मुद्दाम मागं ठेवला होता. गाऱ्हाणं आलं आहे संस्कृत गर्हणावरून, आणि आपल्या प्रतिक्रमणात जी निंदा आणि गर्हा असते, त्यातली गर्हा त्याच घराण्यातली. आपल्या दोषाबद्दल मनात स्वतःला बोल लावायचा ती निंदा, आणि तोच दोष गुरूसमोर उघड बोलून दाखवायचा ती गर्हा. म्हणजे जी गोष्ट आपण लोकांबद्दल करतो, तीच धर्मानं स्वतःबद्दल करायला सांगितली आहे. कोकणात गावाच्या देवापुढं गाऱ्हाणं घालतात, तेही असंच : एक सांगणारा, एक ऐकणारा, मध्ये स्पष्ट शब्द. कुरकुरीला ऐकणारा लागत नाही, गाऱ्हाण्याला लागतो.

ही आलोचना, म्हणजे गुरूपुढं दोष सांगणं, कशी बिघडते, तेही आपल्या आचार्यांनी बारकाईनं लिहून ठेवलं आहे. तिचे दहा दोष सांगतात. त्यातले काही वाचताना मला आमची किटी पार्टीच डोळ्यांपुढं आली. एक दोष ‘शब्दाकुलित’ : गलबल्यात, गोंगाटात सांगून टाकायचं, म्हणजे सांगितल्यासारखंही होतं आणि ऐकूही जात नाही. आपण नाही का, भांडी आपटत, मिक्सर चालू असताना नवऱ्याला सांगत? ‘बहुजन’ : एकाकडून उत्तर मिळालं तरी पुन्हा पुन्हा अनेकांना विचारत फिरायचं. सुनेबद्दल जे सुनेला सांगायचं ते सात घरी सांगून येणं यातलंच. ‘अव्यक्त’ : ज्याला त्यातलं काही कळत नाही त्याच्यापुढं बोलायचं. छातीत दुखतं हे भाजीवाल्या बेनला सांगायचं आणि डॉक्टरला नाही. आणखी एक : मोठा दोष लपवून बारीकसारीक तेवढे सांगायचे. डॉक्टरकडं जाऊन गुडघ्याचं बोलायचं आणि खरं ते गिळून टाकायचं, हे कितीजणींनी केलं असेल!

हे दोष आहेत स्वतःची चूक कबूल करण्याचे, पण दुःख सांगण्यालाही ते तंतोतंत लागू पडतात. योग्य माणसाला, योग्य वेळी, जे आहे ते, एकदा, स्पष्ट सांगायचं. तेवढं केलं तर ती कुरकुर उरत नाही.

असं सांगणाऱ्या एका बाईंच्या नावाच्या इमारतीत मी कॉलेजची तीन वर्षं बसून काढली. आमच्या विद्यापीठाचं ग्रंथालय हंसा मेहतांच्या नावाचं आहे. त्या १९४९ मध्ये या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जगासाठी जो जाहीरनामा लिहिला जात होता, त्याच्या पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असे शब्द होते, सगळे पुरुष जन्मतः समान. मेन म्हटलं की त्यात बायका आल्याच, अशी समजूत तेव्हा मोठमोठ्यांची होती. हंसाबेन अडून बसल्या. एका शब्दाची तक्रार! घरात कुणी अशी केली असती तर "काय शब्दांचा कीस काढतेस" असं ऐकावं लागलं असतं. पण त्यांनी ती जिथं शब्द बदलू शकत होता तिथंच केली, आणि १० डिसेंबर १९४८ ला मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असं आलं. सगळी माणसं.

सांगणाऱ्यानं नीट सांगितलं तरी भागत नाही, हेही आपल्याच जिल्ह्यानं पाहिलं. ९ जुलै २०२५ ला सकाळी मही नदीवरचा गंभीरा पूल मधूनच तुटला, गाड्या नदीत गेल्या, वीसच्या आसपास माणसं दगावली. पूल धोक्याचा झालाय हे आजूबाजूची माणसं आधीपासून सांगत होती, लेखीही कळवलं गेलं होतं. त्यांच्या सांगण्यात काही कमी नव्हतं. त्या बातम्या वाचताना मी दुसऱ्यांना बोल लावायला निघाले होते, आणि मला दोरीवरचा तो धडपा आठवला. ज्याला दिसलं आणि ज्यानं घडी घालून आत ठेवलं, त्यात मीही आहे.

म्हणून, मैत्रिणींनो, तक्रार करणं वाईट की चांगलं, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मी असं काढलं आहे. तोंड उघडण्याआधी बघावं, की हे मी कुणाला सांगते आहे, आणि तो यात काही करू शकतो का. करू शकत असेल तर न सांगणं हा गुण नव्हे. करू शकत नसेल, तर तेच पुन्हा सांगत राहणं हे आर्तध्यान. आणि दुसऱ्याची कुरकुर कानावर आली, तर तिच्या आवाजाला वैतागण्याआधी एकदा विचारावं, "पोटात कुठं पिळतंय?" बाळाला आपण हे विचारतो, बाटली घेऊन धावतो. साठीच्या बाईला का नाही विचारत?

दिवाळीचा पाडवा झाला आणि मी यांना बरोबर घेऊन डॉक्टरांकडं गेले. त्यांनी विचारलं, "बोला, काय तक्रार?" माझ्या जिभेवर अक्कांचंच उत्तर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "तीन महिन्यांपासून जिना चढताना छातीत भरून येतं. डाव्या हाताला मुंग्या येतात. मी कुणाला सांगितलं नव्हतं." तपासण्या झाल्या. सध्या गोळ्यांवर भागतंय, पुढचं पुढं. घरी येऊन लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं, एकदाच, काही न गाळता. ती रडली, मग रागावली, मग रजा टाकून आली.

अक्कांना मात्र मला काही सांगता येत नाही. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागून झाली, की मी त्यांच्या फोटोपुढं जरा वेळ बसते. यंदा तिथं बसून ठरवलं, की ही गर्हा फोटोपुढं न करता तुमच्यापुढं करायची. मला डाग दिसले होते, अक्का. मी विचारलं नाही.